आठवी-नववीच्या वर्गात अभियांत्रिकी: काड्यांच्या पुलापासून पदविकेच्या अर्जापर्यंत

मुलांना अभियांत्रिकीची ओळख करून द्यायची म्हटलं की शाळेत बहुधा एक व्याख्यान ठरतं. पाहुणे येतात, शाखांची नावं सांगतात, प्रवेश परीक्षा सांगतात, पगाराचे आकडे सांगतात. मुलं टाळ्या वाजवून वर्गात परततात आणि अभियंता दिवसभर नेमकं काय करतो, हे त्यांना पूर्वीइतकंच ठाऊक नसतं. आठवी-नववीच्या मुलाला हे कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे. त्याने स्वतः काहीतरी बनवावं, त्यावर मोजून भार टाकावा, ते मोडू द्यावं, का मोडलं हे आकड्यांत शोधावं आणि मग तेच पुन्हा बनवावं. यातलं शेवटचं पाऊल सर्वांत महत्त्वाचं असतं आणि नेमकं तेच शाळांमध्ये गळतं. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री पूल तयार होतो, बक्षीस मिळतं, पूल कपाटावर जातो. दुसरा पूल कधी बांधलाच जात नाही. पुढचं सगळं नियोजन दुसऱ्या प्रयत्नाला वेळ मिळावा म्हणूनच आखलेलं आहे.

तयारी

आठवड्याला जोडून दोन तासिका, म्हणजे सुमारे ८० मिनिटं लागतात. एकेक तासिका दोन दिवसांत विभागून घेतली तर अर्धा वेळ साहित्य काढण्यात आणि आवरण्यात जातो. कार्यानुभवाच्या आणि विज्ञान प्रात्यक्षिकाच्या तासिका एकत्र केल्या की वेळापत्रक फारसं मोडावं लागत नाही. आठवी किंवा नववीची तुकडी घ्या. दहावीला हात लावू नका, त्या वर्षी कुणालाच मोकळीक नसते.

चार-चार जणांचे गट करा आणि प्रत्येक गटात चार कामं ठरवून द्या: मोजणी, आकृती, जोडणी, नोंद. ही कामं दर आठवड्याला फिरलीच पाहिजेत. मुलांवर सोडलं तर चौथ्या आठवड्यात प्रत्येकाची जागा पक्की होते. ज्याच्या हातात पक्कड, त्याच्याच हातात ती वर्षभर राहते आणि ज्याचं अक्षर सुंदर तो कायमचा लेखनिक होतो.

चाळीस मुलांच्या वर्गासाठी, म्हणजे दहा गटांसाठी, लागणारं साहित्य असं. दहा स्टीलच्या फूटपट्ट्या, दहा कोनमापक, १५० मिमीचा एक व्हर्निअर कॅलिपर, दोन मल्टिमीटर, एक ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, प्रवासाची बॅग तोलायचा ५० किलोचा टांगता काटा, चार पक्कडी, दोन करवतपट्ट्या आणि प्रत्येक गटाला किमान एक संरक्षक चष्मा. काडी तुटताना तिचा तुकडा उडतो, त्यामुळे भार टाकणाऱ्याने चष्मा घातलाच पाहिजे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या १५०० घ्या. दोन पुलांना मिळून १२०० लागतात, पण पुडक्यातल्या बऱ्याच वाकड्या निघतात. पांढरा फेविकॉल एक किलो, कपडे वाळत घालायचे चिमटे २००, आलेख कागद आणि पारदर्शक प्लॅस्टिक घ्या. वीजेचे सगळे प्रयोग सेलवरच करा. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या प्लगला या उपक्रमात हात लावायचा नाही.

शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर हत्यारं तिथे असतीलच. नीती आयोगाच्या या योजनेत शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. मात्र अशा प्रयोगशाळेत मुलांना पहिल्याच दिवशी त्रिमिती मुद्रकाजवळ (थ्रीडी प्रिंटरजवळ) नेऊ नका. यंत्र वस्तू तयार करतं आणि मूल बघत राहतं. आधी काड्या, मग मुद्रक. ग्रामीण शाळांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचं काम जरूर पाहावं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या या संस्थेने आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा केला. त्यात मुलं अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चारही विभागांत हाताने काम करतात आणि गावाला सेवाही देतात.

पहिले दोन आठवडे: नुसता कागद

प्रत्येक गटाला ए-फोर आकाराचे सहा कागद आणि चिकटपट्टी द्या. २९.७ सेंमीची बाजू गुंडाळून, १.७ सेंमी एकमेकांवर चढवून चिकटवली की २८ सेंमी घेराचा आणि २१ सेंमी उंचीचा खांब होतो. असे तीन खांब करायचे: एक गोल (व्यास सुमारे ९ सेंमी), एक चौकोनी (बाजू ७ सेंमी), एक त्रिकोणी (बाजू ९.३ सेंमी). कागद तेवढाच, उंची तेवढीच, फक्त आकार वेगळा. भार टाकण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं की कोणता खांब जास्त वजन घेईल आणि का. अंदाज आधी लिहून घेतला नाही तर निकालानंतर सगळेच म्हणतात, मला माहीत होतं.

खांबावर पुठ्ठ्याचा जाड तुकडा ठेवा आणि त्यावर एकसारख्या वह्या एकेक रचा. एका वहीचं वजन आधी मोजून घ्या. साधारणपणे गोल खांब जिंकतो. चौकोनी खांबाच्या सपाट भिंती मधोमध वाकतात, मग सगळा भार चार कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे चुरगळतात. गोल खांबाला वाकायला सुरुवात करून देणारी सपाट बाजूच नसते. एखाद्या गटाचा गोल खांब पहिल्यांदा हरला तर बहुतेक वेळा त्याची वरची कडा तिरकी असते, किंवा पुठ्ठा मधोमध बसलेला नसतो. निकाल चुकला म्हणून पुढे जाऊ नका. कडा फूटपट्टीने तपासून पुन्हा करायला लावा.

जून-जुलैत, विशेषतः कोकणात, कागद हवेतला ओलावा ओढून मऊ पडतो आणि खांब निम्म्या वजनालाही बसतो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा आणि वर्गातच बाहेर काढा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तिथे हे दोन आठवडे जुलैत येतील; काळजी तीच.

दुसऱ्या आठवड्यात आडवा कागद. २० सेंमी अंतरावर दोन पुस्तकं ठेवून त्यांवर कागद टाकला तर तो स्वतःच्याच वजनाने खाली येतो. त्याच कागदाला एक-एक सेंमीच्या घड्या घालून पंख्यासारखा दुमडला की तो मूठभर नाणी घेतो. कारण समजवायला प्लॅस्टिकची पट्टी पुरेशी आहे. ३० मिमी रुंद आणि ३ मिमी जाड पट्टी आडवी धरली की सहज वाकते, कडेवर उभी धरली की वाकत नाही. वाकण्याला होणारा विरोध रुंदीच्या पटीत वाढतो, पण उंचीच्या घनाच्या पटीत वाढतो. आकडे घालून बघितलं तर उभी पट्टी आडवीच्या बरोबर १०० पट ताठ निघते. हा हिशेब फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या. छताच्या तुळया उभ्या आयताच्या का असतात, पत्रे नागमोडी का असतात, ही उत्तरं मग मुलं स्वतःहून देतात.

पूल: पाच आठवडे

हा उपक्रमाचा गाभा आहे, इथे घाई करू नका. अट एकच: दोन टेबलांत ३८ सेंमी अंतर, जास्तीत जास्त ६० काड्या, मधोमध टांगलेलं वजन. आइस्क्रीमची काडी साधारण ११.४ सेंमी लांब, १ सेंमी रुंद आणि २ मिमी जाड असते. आधी काड्यांची निवड करा. टेबलावर ठेवून डोळ्यांच्या रेषेत बघा. वाकडी, गाठ असलेली, चिरलेली बाजूला काढा.

पहिला आठवडा आकृतीचा. आलेख कागदावर खऱ्या मापाची बाजूची चौकट काढायची. खाली १० सेंमी अंतरावर पाच सांधे, म्हणजे एकूण ४० सेंमी. वर, खालच्या सांध्यांच्या मधोमध, चार सांधे. सगळे त्रिकोण १० सेंमी बाजूचे समभुज, म्हणून उंची ८.६६ सेंमी येते. मुलांनी ती पायथागोरसच्या प्रमेयाने काढावी. एका चौकटीत खाली ४, वर ३ आणि तिरक्या ८ अशा १५ काड्या बसतात. दोन चौकटींना ३०. दोन चौकटी जोडायला आडव्या ९ काड्या लागतात. चौकटींतलं अंतर ८ सेंमी ठेवा. वरच्या बाजूला तीन चौकोन तयार होतात, त्यांत तिरके आधार हवेतच. तिथला कर्ण १२.८ सेंमीचा असल्याने एक काडी पुरत नाही, दोन काड्या एकमेकींवर चढवून जोडाव्या लागतात. म्हणजे आणखी ६. एकूण ४५ झाल्या. उरलेल्या १५ काड्या कुठे लावायच्या, हा खरा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आता सांगू नका.

दुसऱ्या आठवड्यात जोडणी. आकृतीवर प्लॅस्टिक पसरून तिच्यावरच काड्या मांडायच्या. दोन्ही चौकटी त्याच एका आकृतीवर बनवा. अंदाजाने केलेली दुसरी चौकट दोन-तीन मिमीने वेगळी येते, मग पूल तिरपा बसतो आणि भार एकाच चौकटीवर जातो. सांध्यावर काड्या सुमारे १.४ सेंमी एकमेकींवर येतात. तेवढ्या पूर्ण जागेला फेविकॉलचा पातळ थर लावून चिमटा बसवा. जास्त फेविकॉलने सांधा बळकट होत नाही, फक्त वाळायला वेळ लागतो. कोरड्या हवेत २४ तास, पावसाळ्यात ४८ तास थांबा. गरम गोंदाची बंदूक मुलांना आवडते, कारण मिनिटात काम होतं. पण तो गोंद रबरासारखा ताणतो, भाराखाली सांधा सरकतो आणि पुलाचं वजनही वाढतं. ती वापरू नका.

तिसऱ्या आठवड्यात दोन्ही चौकटी जोडायच्या, वरचे तिरके आधार लावायचे आणि पूल वजनकाट्यावर तोलायचा.

चौथ्या आठवड्यात चाचणी. टोकाचे सांधे टेबलाच्या कडेच्या आत साधारण एक सेंमी यायला हवेत. टोकाची काडी नुसती कडेला टेकली तर ती तिथेच तुटेल आणि बाकी पुलाची परीक्षाच होणार नाही. मधल्या खालच्या दोन सांध्यांवर लोखंडी गज आडवा ठेवा, गजाच्या बरोबर मध्यावर दोर बांधा आणि २० लिटरची रिकामी बादली टांगा. बादली जमिनीपासून फक्त ५ ते १० सेंमी वर असावी आणि खाली गोणपाट असावं. बादलीचं, गजाचं आणि दोराचं वजन आधीच मोजून लिहून ठेवा. मग अर्धा लिटरच्या मापाने पाणी ओता. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. प्रत्येक मापानंतर दहा सेकंद थांबा. बादली भरूनही पूल उभा असेल तर पाणी काढून वाळू घाला आणि बादली टांगत्या काट्याने तोला. गटातल्या एकाने बाजूने फोनवर संथ गतीचं चित्रीकरण करावं. पूल क्षणात मोडतो. आधी काय वाकलं हे डोळ्यांना दिसत नाही, चित्रफितीत दिसतं.

इथून पुढे शिक्षकाचं खरं काम सुरू होतं. मोडलेला पूल उचलून फेकू देऊ नका. प्रत्येक गटाने तीन गोष्टी लिहायच्या: कोणत्या जागी मोडला, कसा मोडला (काडी वाकली, तुटली की सांधा सुटला), आणि पुलाच्या वजनाच्या किती पट भार घेतला. साधारणपणे चार प्रकार दिसतात. सांधा सुटला आणि लाकडाचे तंतू न उखडता गोंदाचाच पापुद्रा निघाला, तर फेविकॉल वाळला नव्हता किंवा चिमटा लावला नव्हता. पूर्ण पूल बाजूला कलंडला, तर वरचे तिरके आधार नव्हते किंवा दोर मध्यावर नव्हता. टोकाची काडी चिरली, तर टेकू चुकला. आणि हे सगळं नीट असेल, तर वरच्या बाजूची मधली काडी धनुष्यासारखी वाकून जाते.

तीच का? फळ्यावर हिशेब मांडा. एका चौकटीवर निम्मा भार, तिच्या प्रत्येक टोकाला एकूण भाराच्या पाव. तरफेचा नियम लावा: पाव भार गुणिले २० सेंमी (टोकापासून मध्यापर्यंतचं अंतर), भागिले ८.६६ सेंमी (चौकटीची उंची). उत्तर येतं ०.५८. म्हणजे २० किलोच्या भाराला वरच्या मधल्या प्रत्येक काडीवर साडेअकरा किलोचा दाब असतो. तिरक्या काड्यांवर याच्या निम्माच, ०.२९ पट. खालच्या मधल्या काड्यांवर ०.४३ पट, पण तो ताण आहे आणि लाकडाची काडी ताणात सहज तग धरते. दाबात मात्र लांब-बारीक काडी चिरडायच्या कितीतरी आधी वाकते. मागच्या आठवड्यांतला पट्टीचा धडा इथे उपयोगी पडतो: दोन काड्या पूर्ण लांबीला एकमेकींवर चिकटवून जाडी २ मिमीची ४ मिमी केली, तर वाकण्याला विरोध आठपट होतो. उरलेल्या १५ काड्या कुठे लावायच्या याचं उत्तर आता मुलांना मिळालेलं असतं. पहिल्यांदा बहुतेक गटांनी त्या खाली, वजन टांगतो तिथे लावलेल्या असतात.

दाबाखालचा भाग वाकणं ही काही वर्गातलीच गोष्ट नाही, हे याच वेळी सांगा. २९ ऑगस्ट १९०७ रोजी कॅनडातला क्यूबेकचा पोलादी पूल बांधकाम चालू असताना कोसळला आणि ७५ कामगार मृत्युमुखी पडले. त्या पुलाच्या रचनेत खालचे भाग दाबात होते. ते वाकत असल्याच्या नोंदी आधीच झाल्या होत्या, पण काम वेळेवर थांबवलं गेलं नाही. आपल्याकडे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला. तिथे कारण निराळं होतं: नुसतं वाहनांचं वजन नाही, पुराचं पाणीही पुलावर भार टाकतं आणि पाया उघडा पाडतं. मुलांच्या वहीतली ‘का मोडला’ ही ओळ हा या व्यवसायाचा कणा आहे, हे त्यांना अशा घटनांतून पटतं.

मग पाचवा आठवडा आणि दुसरा पूल. अट अशी की पहिल्या पुलात एकच बदल करायचा आणि तो का, हे आधी लिहायचं. दोन-तीन बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने फरक पडला हे कळत नाही. जोडणीला शाळेबाहेरचाही वेळ लागेल, तो द्या; या आठवड्यात दुसरं काहीच ठेवू नका. गुण द्यायचे असतील तर सर्वांत जास्त वजन घेणाऱ्या पुलाला देऊ नका. पहिल्यापेक्षा दुसऱ्यात किती सुधारणा झाली आणि कारण किती बरोबर ओळखलं, यावर द्या. असं केलं की पहिल्यांदा हरलेल्या गटालाही कामात रस राहतो. पुलांचं प्रदर्शन १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी ठेवता येईल. तो विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस. त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्यात झालं आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी रचलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ साली बसले. पुणे परिसरातल्या शाळांना ही जागा सहलीच्या अंतरावर आहे.

फिरणारी मोटर: एक आठवडा

हा प्रयोग छोटा आहे, पण दोष शोधायला शिकवण्यासाठी याच्याइतका चांगला प्रयोग क्वचितच सापडेल. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात २४ किंवा २६ गेजची लाखेचा थर असलेली तांब्याची तार मिळते. ती जाड सेलभोवती दहा वेळा गुंडाळा, दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढा. दोन सेफ्टी पिना मोठ्या दीड व्होल्टच्या सेलच्या दोन टोकांना रबराने बांधा, सेलच्या पाठीवर चकतीसारखं चुंबक ठेवा आणि वेटोळं पिनांच्या छिद्रांत अडकवा.

खुबी टोकं खरवडण्यात आहे. एक टोक चहूबाजूंनी खरवडायचं. दुसरं टोक, वेटोळं उभं धरून, फक्त वरच्या अर्ध्या बाजूने. पूर्ण खरवडलं तर अर्ध्या फेरीनंतर बल उलट होतं आणि वेटोळं जागीच डुलत राहतं. अर्धं खरवडल्यामुळे त्या अर्ध्या फेरीत प्रवाह तुटतो आणि वेटोळं स्वतःच्या वेगाने पुढे जातं.

पहिल्या झटक्यात क्वचितच कुणाची मोटर फिरते. तेव्हा शिक्षकाने हात न लावता चार प्रश्न विचारावेत. तार खरोखर खरवडली आहे का? मल्टिमीटरने बघा. वेटोळं दोन्ही बाजूंना सारखं जड आहे का? चुंबक वेटोळ्याच्या अगदी जवळ आहे का? सेलमध्ये दम आहे का? बोटाने हलका धक्का दिला का, हेही बघा. सुरुवातीला तो लागतो. वेटोळं अडकून थांबलं तर लगेच काढा, कारण सेल जवळजवळ शॉर्ट झालेला असतो आणि तार काही सेकंदांत चटका देण्याइतकी तापते.

शाळेतलंच एक खरं काम

दिवाळीनंतर मुलांना शाळेच्या आवारातला एखादा प्रश्न मोजायला लावा. ‘पाणी वाचवा’ असा फलक नको, आकडा हवा. गळक्या नळाखाली मोजपात्र ठेवून वेळ लावा. पाच मिनिटांत १०० मिलि जमले तर दिवसाला २८.८ लिटर जातात. मग नळ उघडून वायसर बघायचा, तो का झिजला ते शोधायचं, बदलायचा आणि पुन्हा मोजायचं. आधीचा आणि नंतरचा आकडा सूचना फलकावर लावा.

याहून मोठं काम म्हणजे चाकाच्या खुर्चीचा उतार तपासणं. भारतातल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत १ : १२ हा उतार धरतात. १५ सेंमीच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५ सेंमी आणि उतार किमान ५.४ मीटर लांब हवा. उंचीतला फरक मोजायला गवंडी वापरतात तीच पाण्याची पारदर्शक नळी घ्या. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत येतं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून पाणी भरताना नळी बोटाने टिचकी मारत पुढे न्यायची. ओळंबा, पाणसळ आणि ही नळी कशी वापरायची ते दाखवायला गावातल्याच एखाद्या गवंड्याला शाळेत बोलवा. मुलांना तासाभरात जे समजतं ते पुस्तकातून आठवड्यातही समजत नाही. शाळेचा उतार जास्त तीव्र निघाला तर मोजमापांसह आकृती करून शाळा व्यवस्थापन समितीला द्या. अशा कामांतून सुचलेली कल्पना केंद्र शासनाच्या इन्स्पायर-मानक या विद्यार्थ्यांसाठीच्या योजनेत शाळेमार्फत पाठवता येते. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नमुना बनवण्यासाठी १०,००० रुपये मिळतात.

जे बनवलं ते वापरणाऱ्याला दाखवायला मात्र विसरू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर यंत्र म्हणून उत्तम होता, तरी लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी सुरुवातीला त्याला हात लावत नव्हते. वापरणाऱ्याचं म्हणणं ऐकणं हाही रचनेचा भाग आहे.

भेटी

एमआयडीसीतला मोठा कारखाना मिळाला नाही म्हणून अडून बसू नका. एसटीच्या आगाराची कार्यशाळा, महावितरणचं ३३/११ केव्हीचं उपकेंद्र, गावाचं जलशुद्धीकरण केंद्र, आयटीआय, साखर कारखाना (गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर) यांतलं काहीही चालतं. लेखी परवानगी किमान तीन आठवडे आधी मागा. एका वेळी वीसपेक्षा जास्त मुलं नेऊ नका. आवाजात मागच्यांना काहीच ऐकू येत नाही.

नुसतं यंत्र दाखवून परत आणलं तर ती सहल होते. प्रत्येक गटाला तीन प्रश्न देऊन ठेवा: इथे गेल्या महिन्यात काय बिघडलं? ते कसं लक्षात आलं? दुरुस्त कुणी केलं आणि ती व्यक्ती काय शिकलेली आहे? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आयटीआयचा फिटर, पदविकाधारक पर्यवेक्षक आणि पदवीधर अभियंता असे तिघेही भेटतात. त्या तिघांचं काम एकमेकांवाचून चालत नाही, हे मुलं तिथेच बघतात.

मुलींच्या हातात हत्यार

मिश्र गटात एकटी मुलगी असेल तर ती नोंदवहीकडे ढकलली जाते, हे इतक्या नेमाने घडतं की त्यासाठी नियमच हवा. गटात मुली असतील तर किमान दोन. कामं फिरतात की नाही हे दर आठवड्याला नोंदवहीत तपासा. पक्कड, करवत, मल्टिमीटर यांचा पहिला वापर मुलींकडून करून घ्या. भेटीला किंवा वर्गात बोलवायच्या माणसांत काम करणारी स्त्री अभियंता किंवा तंत्रज्ञ असावी. आणि १९४० च्या दशकात मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या ए. ललिता यांची माहिती भिंतीवर लावा. अगदी लहान वयात वैधव्य आलेलं, पदरी तान्ही मुलगी, तरीही त्या देशातल्या पहिल्या स्त्री अभियंत्यांपैकी एक ठरल्या.

दहावीनंतरच्या वाटा

इथपर्यंत आलेल्या मुलाला आता माहिती हवी असते, आणि ती नेमकी द्यायला हवी. ‘गणित कच्चं आहे, अभियांत्रिकी झेपणार नाही’ असं नववीतल्या मुलाला सांगणं अन्यायाचं आहे. पुलाचा हिशेब त्याला कळला असेल तर त्याला गणित येतं, सरावाची कमतरता आहे.

आयटीआय: फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. हातात लवकर काम हवं असेल तर ही वाट चांगली, आणि ती बंद गल्ली नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

पदविका: तंत्रनिकेतनात तीन वर्षं. दहावीला किमान ३५ टक्के हवेत. प्रवेश दहावीच्या गुणांवर, तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय प्रक्रियेतून होतो; वेगळी प्रवेश परीक्षा नाही. त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे दहावीनंतर पदवीपर्यंत ३ + ३ अशी सहा वर्षं.

अकरावी-बारावी विज्ञान: २ + ४, इथेही सहाच वर्षं. पदविकेच्या वाटेने वर्ष वाया जातं हा समज चुकीचा आहे. राज्यातल्या महाविद्यालयांसाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. ती २०० गुणांची असते: गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न एकेक गुणाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण २० टक्के भाग अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतो, म्हणून अकरावीत विसावा घेणं महागात पडतं. एनआयटी आणि आयआयटीसाठी जेईई. त्यातली जेईई मेन मराठीतूनही देता येते.

ज्याला हाताने काम करताना विषय समजतो त्याला मी पदविका सुचवीन, आणि ज्याला सिद्धांतात रमायला आवडतं त्याला अकरावी विज्ञान. टक्केवारी जास्त म्हणून अकरावी आणि कमी म्हणून पदविका, ही वाटणी मुलांचं नुकसान करते.

पालकसभा आणि कागद

पालकांची सभा नववीच्या जानेवारीत घ्या. दहावीच्या निकालानंतर घेतलेली सभा उशिराची असते. मुलांनी दोन्ही पूल, नोंदवही आणि मोटर घेऊन स्वतः बोलावं. त्यानंतर खर्चाचं बोला, कारण पालकांच्या मनात तोच प्रश्न असतो. कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना, केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, राज्य शासन २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत देतं. त्याखेरीज राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि शिक्षण शुल्क माफीच्या वेगळ्या जागाही असतात.

या सगळ्यांसाठी अधिवास, उत्पन्न, जात आणि नॉन क्रीमीलेअर ही प्रमाणपत्रं लागतात. जून-जुलैत तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रांत गर्दी उसळते आणि अर्जाची मुदत निघून जाते. म्हणून पालकसभेच्या शेवटी प्रत्येकाला कागदपत्रांची यादी द्या आणि दहावीच्या डिसेंबरपर्यंत कुणाचे कोणते कागद बाकी आहेत याची नोंद वर्गशिक्षकांकडे ठेवा. नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव आधार, शाळेचा दाखला आणि दहावीचा परीक्षा अर्ज या तिन्हींवर अक्षरशः सारखं आहे का, हे त्याच वेळी तपासा. फरक असेल तर बोर्डाचा अर्ज अंतिम होण्यापूर्वी तो दुरुस्त करणं सोपं असतं.